न आलेल्यांची जागा

मनीषा,

रविवारी व्यापारी संघाच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. चार जण बोलले, आणि चौघांनीही तुझ्याविषयी चुकीचे सांगितले. पहिल्या तिघांचा समाचार मी इथे घेणार आहे. चौथा मी स्वतः होतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला मला थोडा वेळ लागेल, तो तू मला दे. वाद घालताना माझे वाक्य पुरे होऊ द्यायचे नाही, ही तुझी सवय होती. आता ती अडचण उरलेली नाही, आणि उरलेली नाही हेच सोसवत नाही.

सुरुवात संघाच्या अध्यक्षांनी केली. "मनीषाताईंनी पिंपरीतल्या जुन्या दुकानांची सजावट करून त्यांना डिजिटल युगात आणले," असे ते म्हणाले. सजावट हा शब्द तुझ्या देखत उच्चारण्याची त्यांची हिंमत झाली नसती. माझ्या कापडाच्या दुकानात तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तो मी उच्चारला होता, आणि तू चप्पल काढता काढता म्हणालीस, "सजावट गणपतीपुढं करतात, आबा. मी फक्त माणूस कुठं बसेल आणि काय बघेल ते ठरवते." युगाचेही तसेच. तू कोणाला कोणत्याही युगात नेले नाहीस. गिऱ्हाईक हातात फोन घेऊनच दुकानात शिरते; तो बाहेर ठेवून ये, असे त्याला म्हणता येणार नाही; मग त्या हाताला आत टेकायला जागा करू या, एवढेच तुझे म्हणणे होते. इतके साधे म्हणणे अध्यक्षांच्या भाषणात मावणारे नव्हते.

मग तुझी कॉलेजातली मैत्रीण उठली. बिचारी रडत होती, म्हणून मी तिला मध्ये अडवले नाही. तिच्या मते आबा फार कर्मठ. स्क्रीनचे नाव काढले की उठून जात. मनीषाने गोड बोलून त्यांना वळवले. गोड बोलून? तू माझ्याशी एकदा तरी गोड बोललीस का, ते आठवून पाहतो आहे. पहिला संपूर्ण दिवस तू बैठकीच्या कडेला नुसती बसून काढलास. कागद नाही, फूटपट्टी नाही. संध्याकाळी मी विचारले, "काम कधी सुरू करणार आहात?" तेव्हा मी तुला अहो-जाहो करत होतो.

"चालू आहे की," तू म्हणालीस. "सकाळपासून सतरा बायका साडी घेऊन दारात गेल्या, रंग उजेडात बघायला. तुमच्या ट्यूबलाइट खोटं बोलतात, आबा."

"चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही."

"केली की. दारात जाऊन केली."

आमचा दत्तू, म्हणजे तीस वर्षे माझ्या बैठकीवर साड्या उलगडणारा माणूस, घडी घालता घालता तोंड फिरवून हसला. त्या दिवसापासून तू मला अगं-तुगं झालीस. याला कोणी गोड बोलणे म्हणत असेल तर म्हणो.

आणि कर्मठपणाचे म्हणशील तर ते अगदी उलटे होते. स्क्रीन मला हवी होती. मोठी, दारातून शिरताच दिसणारी, भिंत व्यापणारी. एका मॉलमध्ये मी ती पाहून आलो होतो, आणि आपल्या दुकानात तशी नाही म्हणून झोपेतसुद्धा मला कमीपणा वाटत होता. इतकेच नव्हे, तर गाद्या-तक्क्यांची ती पांढरी बैठक मला काढून टाकायची होती. तिच्या जागी सोफे हवे होते, काचेची टेबले हवी होती. लोकांनी आत आल्यावर म्हणावे, हे पिंपरीतले वाटत नाही. ही माझी इच्छा मी तुला स्पष्ट शब्दांत सांगितली होती.

तू नकाशाची गुंडाळी केलीस. "बैठक गेली तर मीपण जाते."

"का? तुझ्या बापाची आहे का बैठक?"

हे वाक्य मी बोललो. तू मात्र शांतपणे उत्तर दिलेस, आणि ते उत्तर आजही मला पाठ आहे. "बापाची नाही, आजीची. माझ्या ताईचा बस्ता तुमच्याच दुकानात बांधला. मी दहा वर्षांची होते. वडील चाकणला कारखान्यात, प्रेसशॉपवर, ओव्हरटाइम टाकून आले होते. आम्ही अठरा जण या गादीवर बसलो होतो. आजी तेवढी गावाला राहिली, तिच्यानं प्रवास होत नव्हता. तिनं अमसुली रंग सांगितला होता. तुमच्या उजेडात तो अमसुली दिसला, घरी नेल्यावर तपकिरी निघाला. तिनं त्या साडीची घडी मोडली नाही. मरेपर्यंत नाही. ट्रंकेत तशीच आहे."

मला तो बस्ता आठवत नव्हता. आजही आठवत नाही. लग्नसराईत रोज चार-पाच बस्ते होत. त्यांतल्या एका म्हातारीच्या साडीने पुढे माझ्या दुकानाची मांडणी ठरवावी, हे मला त्या वेळी हास्यास्पद वाटले होते. मी हसलोही असेन. तू ते लक्षात ठेवले असशील तर ठीक केलेस.

आता तिसरा वक्ता. तो माझा मुलगा विलास. तो म्हणाला, "मनीषाताईंनी स्क्रीन आणली आणि आबांनी बैठक राखली. दोघांच्या भांडणातून आमचं दुकान उभं राहिलं." लोकांनी माना डोलावल्या. वाक्य सुबक होते, बेतीव होते, आणि पूर्णपणे खोटे होते. विलासचा त्यात दोष नाही. तो त्या काळात सुरतेच्या फेऱ्या करत होता. घरी परतल्यावर जे ऐकले तेच तो बोलला. ते त्याने कोणाकडून ऐकले, हा खरा प्रश्न आहे.

खरे काय घडले ते तुला ठाऊक आहे, तरी मी पुन्हा सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांना ते ठाऊक नाही.

बैठक तुझ्या हट्टामुळे राहिली. स्क्रीन माझ्या हट्टामुळे भिंतीवर गेली. तू मला बजावले होतेस, "आबा, जो गावाहून फोनवरून बस्त्याला आला आहे तो भिंतीवर कसा बसेल? त्याला माणसांत बसवा." मी ऐकले नाही. मी ती टांगली ती नेमकी माझ्या वडिलांच्या फोटोशेजारी; त्या फोटोला चंदनाचा हार आहे. जागा प्रशस्त होती आणि विजेचे बटण जवळ होते, यापलीकडे मी विचार केला नव्हता.

पहिलाच बस्ता परभणीकडच्या एका कुटुंबाचा होता. नवऱ्या मुलीची आजी पाय मोडल्यामुळे गावाला अंथरुणावर होती. फोन जोडला आणि तिचा चेहरा भिंतीवर आला, वडिलांच्या शेजारी, त्याच उंचीवर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत. बैठकीवरच्या पंचवीस माणसांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. आपण भिंतीवरच्या कोणाकडे अशी मान वर करून पाहतो, ते तिथे प्रत्येकाला एकदमच कळले. एका लहान मुलीने मोठ्याने विचारले, "आजी वारली का गं?" कोणी हसले नाही. नवऱ्या मुलीची आई उठली, पदर सावरला आणि मला म्हणाली, "भाऊ, बंद करा ते." म्हातारी वरून हाका मारत होती, काय झालं, काय झालं म्हणून. ती माणसे बस्ता अर्धा टाकून निघून गेली.

मी दिवसभर लोकांच्या खुळ्या समजुतींवर बोलत राहिलो. दत्तू एवढेच म्हणाला, "आबा, आमी तरी घरात जित्या माणसाचा फोटू भितीला लावतो का? न्हाई लावत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू सुतार घेऊन आलीस. मला एक शब्दही बोलली नाहीस. ते तुझे सर्वांत मोठे भांडण. स्क्रीन उतरवलीस. दत्तूला बैठकीवर मांडी घालून बसवलेस आणि गादीपासून त्याच्या डोळ्यांपर्यंत टेप धरलास. "अडीच फुटाला तीन बोटं कमी," असे सुताराला सांगितलेस. मग मलाही बसायला लावून माझे माप घेतलेस, आणि बाजारात आलेल्या दोन बायकांचेही. त्या उंचीवर, लाकडी चौकीत, दोन्ही बाजूंना तक्के ठेवून तू एक लहान पडदा बसवलास. मी आणलेल्या स्क्रीनच्या पावपट असेल. त्याच्यामागे रस्त्याकडची भिंत फोडून उंच खिडकी काढलीस, म्हणजे दत्तू साडी उलगडेल ती दिवसाच्या उजेडात, आणि लांबच्या माणसालाही दारात नेल्यासारखा रंग दिसेल. नकाशात त्या चौकीला तू नाव दिले होतेस, 'न आलेल्यांची जागा'. मी म्हणालो, हे काय नाव? तू म्हणालीस, "बस्त्याला जो येत नाही त्याचीच आठवण जास्त निघते, आबा. त्याला जागा नको?"

त्या जागेने माझे दुकान चालवले. दुबईतला भाऊ त्या जागेवर बसला, बाळंतीण बहीण बसली, लष्करातला काका बसला. लोक चहाचा कप त्या चौकीपुढेसुद्धा ठेवू लागले. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि मग संघाच्या स्मरणिकेत माझी मुलाखत आली. मुलाखत घेणाऱ्याने स्वतःच विचारले, "परंपरेची ही बैठक, हे घरगुती बसणं, ही कल्पना अर्थात तुमचीच असणार?" 'अर्थात' या शब्दाला मी भुललो. मी मान हलवली. एवढेच. खोटे बोललो नाही, कारण बोललोच नाही. छापून आले ते असे, की तरुण डिझायनरच्या झगमगाटापासून जुन्या जाणत्या दुकानदाराने बैठक वाचवली, आणि पडदा खाली माणसांत बसवण्याचे शहाणपणही त्याचेच. तो अंक तूच मला आणून दिलास. "आबा, फोटो छान आलाय," म्हणालीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. फोटोकडे पाहत राहिलो.

त्यानंतर सहा वर्षे ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगत आलो. कधी तू समोर असताना. तू तेव्हा चौकीचा स्क्रू घट्ट करायचीस, नाहीतर दत्तूशी काहीतरी बोलत बसायचीस. एकदाच म्हणालीस, आणि तेही हसत, "आबा, गोष्ट दरवर्षी चांगली होत चालली आहे." मला वाटले, तू मानले आहेस. माणसाला जे सोयीचे असते तेच त्याला वाटते.

तुझे हे देणे मी शेवटच्या भेटीत फेडणार होतो. दवाखान्यात भेटीच्या वेळेत आलो तो तेवढ्यासाठीच. तुझा हात उशीवर होता, इतका बारीक की मला तो आधी चादरीची घडी वाटला. मी घसा साफ केला. आणि तू विचारलेस, "खिडकी काढली नाही ना?"

दारालगतची ती लहान खिडकी. फोनवर मागवलेला माल तिथल्या तिथे घेऊन जाण्यासाठी तू ती केलीस, आणि मला ती पहिल्या दिवसापासून नकोशी होती. माझे म्हणणे, कापड घ्यायचे त्याने आत यावे, बसावे, चहा घ्यावा. खिडकीतून तिकीट घेतात. तुझे म्हणणे, मारुंजीला खोली घेऊन राहणाऱ्या आयटीतल्या पोराकडे दहा मिनिटे असतात, त्याला उभे राहण्याचा हक्क आहे.

"काढणार आहे," मी म्हणालो. वास्तविक काढणार नव्हतो.

"काढू नका हं. तो आज उभा राहतो. उद्या लग्न ठरलं की बसायला येईल."

"येणार नाही. उभ्याने घ्यायची सवय लागली की माणूस बसत नाही."

"येईल."

"तू बरी होऊन ये. मग बघू कोण खरं ते."

तू हसलीस. तेवढ्यात नर्सने वेळ संपल्याचे सांगितले. मी जे सांगायला आलो होतो ते घेऊन तसाच जिना उतरलो. तुझ्याशी भांडण्याची इतकी सवय झाली होती, की कबुलीसाठी लागणारा आवाज मला काढताच आला नाही.

तर आता चौथा वक्ता. विलासनंतर माझे नाव पुकारले. सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर तुझा फोटो होता आणि कोणीतरी त्या पडद्याला निशिगंधाचा हार घातला होता. सगळे मान वर करून तुझ्याकडे पाहत होते. मला तिथेच ओरडून सांगायचे होते, तिला खाली घ्या. ते सांगायचे होते आणि उरलेलेही सर्व सांगायचे होते. मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "पोरगी गुणी होती. फार लवकर गेली." आणि जागेवर येऊन बसलो. शेजारच्याने माझा हात दाबला. त्याला वाटले, मला दुःखाने बोलवत नाही. दुःख होतेच. पण मला गप्प केले ते दुःखाने नव्हे. पाहुण्यांसमोर, संघासमोर, मुलासमोर आपली गोष्ट मोडावी लागेल या भीतीने केले.

सोमवारी विलासने तुझा फोटो चौकट करून आणला. मनापासून आणला, आजोबांच्या शेजारी लावायला. खिळा ठोकून झाला होता. मी तो उपटायला लावला. "आबा, ताईंचा मान नको का ठेवायला?" त्याने विचारले. मी म्हणालो, "भिंतीवर नको." का नको, ते मात्र सोमवारीही सांगू शकलो नाही. सांगायचे तर पुढचे सगळेच सांगावे लागले असते.

काल एक बस्ता आला. माणसे चाकणची, मुलगा तिथल्याच कंपनीत, मूळ गाव जालन्याकडचे. बावीस जण बैठकीवर होते आणि मुलाची आजी चौकीत, न आलेल्यांच्या जागेवर. दत्तू तिच्यासमोर साडी उलगडत होता आणि ती हुकूम सोडत होती. "पदर दावा. काठ दावा. अवो दादा, तुमचं डोस्कं बाजूला घ्या, साडी दिसंना." सगळे हसत होते. मध्येच ती म्हणाली, "लांब असून मांडीला मांडी लावून बसल्यावानी वाटायलंय मला. कुणाची अक्कल ही?"

दत्तूने सवयीने माझ्याकडे पाहिले. "आमच्या आबांची..."

"दत्तू, थांब," मी म्हणालो. "माझी नाही. मनीषाची."

गल्ल्यावर फोनवर बोलणाऱ्या विलासने फोन खाली ठेवला.

"हे दुकान तिने मांडले," मी सांगितले. "ही बैठक मी काढायला निघालो होतो, तिने काढू दिली नाही. मी हा पडदा भिंतीवर टांगला होता, तिने तो खाली आणला. मी सहा वर्षे ते माझ्या नावावर सांगत आलो."

म्हातारीला माझ्या नावाशी काही देणेघेणे नव्हते. "शहाणी हाये पोरगी," ती म्हणाली. "बोलवा की तिला. बघू तरी. मी थांबते."

मनीषा, बावीस माणसे दाराकडे पाहू लागली. जणू तू चप्पल काढत असशील.

दत्तू म्हणाला, "ती न्हाई आता, आज्जी. पंधरा दिस झालं."

म्हातारीने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि चौकीतून, माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून, हात जोडले. मग विचारले, "आई हाये का तिला?"

"आहे. रहाटणीला असते."

"मंग तिच्या आईला आमच्या यादीत धरा. एक साडी काढा."

मुलाचा मामा मानपानाची यादी घेऊन बसला होता. तो घुटमळला. "आजी, दुखवट्याची साडी लग्नाच्या बस्त्यात कशी धरायची?"

"दुखवट्याची न्हाई रे, येड्या. मानाची. पोरीनं मला इथं बसवलंय. तिच्या आईचा मान हाये ह्यो. आत्याच्या खाली लिही."

त्याने लिहिले. रंग कोणता, असे दत्तूने मला विचारले. मी अमसुली सांगितला. बांधण्यापूर्वी ती साडी मी त्याच्या हातातून घेतली आणि उठून दारात गेलो. चाळीसहून अधिक वर्षे कापड विकले, पण रंग पाहायला स्वतः दारात जाण्याची माझी ही पहिलीच वेळ. रस्त्यावर ऊन होते. रंग खरा आहे.

काल संध्याकाळी विलासने तुझा फोटो माझ्या खोलीतून उचलला आणि बैठकीवर, चौकीच्या शेजारी, तक्क्याला टेकवून ठेवला. हार घातलेला नाही.

खिडकीबद्दल माझे मत बदललेले नाही. ती आहे तशी राहील, आणि मत आहे तसे राहील.

आज दुपारी साडी घेऊन मी रहाटणीला निघालो आहे. तुझ्या आईपुढे ती ठेवण्याआधी हे सगळे तिला सांगेन, बसून, तिच्या डोळ्यांकडे पाहून. ऐकून झाल्यावर त्या साडीची घडी मोडायची की नाही, ते तिचे ती ठरवील.